मोकळा सोडलेला गडी

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी गॅस्टन इंचाउस्पे सरावाच्या मैदानावर आपल्याच खेळाडूच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि जे दिसले त्याने त्यांच्या ओठांतली शिट्टी गळून छातीवर आदळली. तीस वर्षे शिकवूनही त्या जागी ते कधी उभे राहिले नव्हते. त्या दिवशीही ते तिथे विचारपूर्वक गेले नव्हते. त्या जागेवरचा मुलगा वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला गेला होता. आमच्या कॉपर वेल्स गावात शिकारीचा हंगाम सुरू झाला की वर्ग निम्मे रिकामे होतात आणि शिक्षक त्याबद्दल कोणाला दोष देत नाहीत. एक गडी कमी पडला, म्हणून गॅस्टन स्वतः त्याच्या जागी उभे राहिले. एवढीच ती घटना. तिचे पुढे जे झाले ते सांगण्याआधी हा माणूस कोण होता हे सांगितले पाहिजे.

त्यांचे आजोबा फ्रान्सच्या डोंगरातून मेंढ्या राखायला नेवाडात आले. उन्हाळाभर वरच्या कुरणांत एकटे राहत. तिथल्या पांढऱ्या सालीच्या झाडांवर त्यांनी चाकूने कोरलेले स्वतःचे नाव अजून वाचता येते; झाड वाढले तशी अक्षरेही फुगून रुंद झाली आहेत. वडिलांनीही मेंढ्याच राखल्या. गॅस्टन यांनी त्या सोडल्या, शिकले, आणि गावच्या शाळेत सुतारकाम शिकवायला लागले. दुपारी शाळा सुटली की ते फुटबॉलच्या संघाचे प्रशिक्षक होत. हा फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा. त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो हातात धरून समोरच्या माणसांच्या भिंतीतून पलीकडे न्यायचा असतो. गावात त्यांना नावाने हाक मारणारी माणसे थोडी होती. दुकानदार, धर्मगुरू, तुरुंगाचा पहारेकरी, सगळ्यांसाठी ते ‘कोच’.

मेंढ्या सोडल्या तरी मेंढपाळाची एक शिकवण त्यांनी सोडली नाही. वडील म्हणत, ‘कळपाच्या पुढं चालणाऱ्याला काही दिसत नाही. मागून चाल, म्हणजे सगळा कळप दिसतो.’ गॅस्टन मैदानावर नेहमी मागे उभे राहत. आक्रमण शिकवणारे बहुतेक प्रशिक्षक तिथेच उभे राहतात, कारण तिथून अकराही पाठी दिसतात आणि कोण चुकला ते तत्काळ कळते. कोणाच्याही मनात या जागेबद्दल कधी शंका आली नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आपली सगळी जुनी विद्या बाजूला ठेवली. खाणीचा एक भाग बंद झाला होता, बरीच कुटुंबे गाव सोडून गेली होती, आणि उरलेल्या मुलांत अंगापिंडाने थोराड असे फार कोणी नव्हते. समोरच्या संघाची मुले यांना दाराच्या पल्ल्यासारखी ढकलून आत येत. पराभवांची गावाला सवय होऊ लागली होती. तेव्हा गॅस्टन रीनो शहरात प्रशिक्षकांच्या मेळाव्याला गेले आणि पिस्तूल रचना शिकून आले.

क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हाती चेंडू प्रथम येतो तो गडी, फार मागे उभा राहिला तर त्या जुन्या रचनेला आमच्याकडे बंदुकीचे नाव आहे. पिस्तूल ही तिचीच आखूड बहीण. यात क्वार्टरबॅक थोडाच मागे उभा राहतो आणि त्याच्या बरोबर पाठीमागे, सरळ रेषेत, धावणारा. समोरच्यांना धावणारा नीट दिसतच नाही. पुढचा माणूस त्याला झाकतो. पण या रचनेवर गॅस्टन यांनी बसवलेल्या डावाचे खरे मर्म वेगळेच होते. आपली माणसे कमी आणि कमकुवत असतील तर समोरच्या सगळ्यांना अडवण्याचा हट्ट सोडायचा. त्यांच्या फळीच्या टोकाचा एक गडी जाणूनबुजून मोकळा सोडायचा. त्याला कोणीही हात लावायचा नाही. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी टेकवायचा, मात्र सोडायचा नाही, आणि त्या क्षणी फक्त त्या मोकळ्या गड्याकडे बघायचे. तो धावणाऱ्यावर झेपावला तर चेंडू ओढून घ्यायचा आणि स्वतः पळायचे. तो आपल्यावर आला तर चेंडू सोडून द्यायचा. म्हणजे प्रतिपक्षाचा सर्वांत धोक्याचा माणूस आपल्या अंगावर येऊ द्यायचा, आणि त्याने काय करायचे ठरवले आहे हे त्याच्या आधी ओळखायचे.

“चेंडूकडे बघायचं नाही,” गॅस्टन रोज सांगत. “चेंडू कुठं पळून जात नाही. त्याच्याकडे बघ. त्याच्या खांद्याकडे, त्याच्या डोळ्यांकडे.”

धावणाऱ्यालाही एक नियम होता. “हातांचा पाळणा करायचा. मऊ. दाबायचा नाही. ठरवायचं काम तुझं नाही, त्याचं आहे.”

क्वार्टरबॅक होता थेरॉन गार्व्हर, सडपातळ, लांब हातांचा, बोलायला लाजरा. त्याची आई लोर्ना खाणीत घराएवढ्या चाकांचा ट्रक चालवी; वडील कधीच निघून गेले होते. धावणारा होता विल्बर याउरी. बुटका, रुंद, फारसे न बोलणारा. त्याचा बाप पेरूहून आलेला. आता आमच्या डोंगरांत मेंढ्या राखण्याचे काम याच लोकांकडे आहे, जे पूर्वी इंचाउस्पे कुटुंबाकडे होते. विल्बरची आई टेलेरी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करी.

सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी घालतात. लाल जर्सीला कोणी धक्का द्यायचा नाही, ही सगळ्या मैदानांवरची रीत. ऑगस्टमध्ये गॅस्टन यांच्या लक्षात आले की थेरॉन मोकळ्या गड्याकडे बघतो खरा, पण बेफिकीरपणे. तो आपल्याला हात लावणार नाही हे त्याला ठाऊक आहे. ज्याची भीती नाही त्याच्याकडे माणूस नीट बघत नाही, असा गॅस्टन यांचा तर्क. तो तर्क चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही. त्यांनी थेरॉनची लाल जर्सी काढून घेतली. पुढच्याच खेपेला एक थोराड मुलगा भरधाव येऊन त्याच्यावर आदळला. थेरॉन आडवा झाला, बराच वेळ श्वासासाठी तडफडला. गॅस्टन यांनी मागून टाळ्या वाजवल्या.

“आता दिसला ना तो? आता कायम दिसेल!”

त्यानंतर संघ हरलाच नाही. मोकळा गडी काहीही करो, चेंडू नेमका जिथे तो नाही तिथे जाई. पेट्रोलपंपावर, टपाल कचेरीत, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. खाणीत यंत्रे दुरुस्त करणारा आणि संध्याकाळी फुकट मदत करणारा गॅस्टन यांचा मित्र लॉयल ट्विचेल म्हणे, “पोराला डोक्याच्या मागं पण डोळे आहेत. आंघोळीला त्याच्या आईला दोन तोंडं धुवावी लागत असतील.” गावाने अगदी मनापासून यावर विश्वास ठेवला. एका विद्यापीठाच्या निवडकर्त्याचा सोमवारी फोन आला, तेव्हा गॅस्टन यांनीही तेच सांगितले. “मी इतकी वर्षं शिकवतोय. अशी नजर बघितली नाही.” गुरुवारी तो माणूस स्वतः येणार होता. थेरॉनला खेळासाठीची शिष्यवृत्ती मिळाली असती तर खाणीच्या गावातून शिक्षणासाठी बाहेर पडणारा तो त्याच्या घराण्यातला पहिला ठरला असता.

मधल्या मंगळवारी तो मुलगा शिकारीला गेला, आणि गॅस्टन मोकळ्या गड्याच्या जागी उभे राहिले.

चेंडू मागे आला. थेरॉनने तो झेलला, वळला, विल्बरच्या पोटाशी टेकवला. गॅस्टन दोन पावले पुढे झाले. आता हेल्मेटच्या जाळीतला चेहरा हाताच्या अंतरावर होता. थेरॉनचे डोळे मिटलेले होते.

पापणी लवते तसे नव्हते ते. लहान मूल सुई टोचून घेताना मिटते तसे, भुवया गोळा करून, गच्च. चेंडू बरोबर विल्बरकडे गेला. दुसऱ्या क्षणी डोळे उघडले आणि थेरॉन नेहमीसारखा पुढे धावत सुटला.

“पुन्हा,” गॅस्टन म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

या वेळी ते विल्बरच्या दिशेने झेपावले. थेरॉनचे डोळे पुन्हा मिटले. चेंडू त्याने ओढून घेतला. बरोबर. तिसऱ्यांदा ते जागचे हलले नाहीत, तरीही बरोबर. डोळे प्रत्येक वेळी बंद.

लॉयल हसत होता. “गॅस्टन, तुला पण चकवलं पोरानं! म्हातारपणी लाज जाणार तुझी.”

गॅस्टन यांनी विल्बरला बाजूला व्हायला सांगितले आणि धावणाऱ्याच्या जागी दुसरा मुलगा उभा केला. चेंडू चुकीच्या हाती गेला. पुन्हा केले, पुन्हा चुकला. थेरॉन आंधळ्याने भिंत चाचपावी तसा चेंडू पुढेमागे करत राहिला आणि शेवटी तो जमिनीवर पडला. कोणाला काहीच कळले नव्हते. मुले नुसती कोचच्या चेहऱ्याकडे बघत होती. गॅस्टन यांनी सराव तिथेच थांबवला. लॉयलने विचारले तेव्हा ते म्हणाले, “वारा फार आहे.” वारा आमच्याकडे रोजच असतो.

त्यांनी दोघांना सुतारशाळेत बोलावले. देवदाराच्या भुशाचा वास, अर्धवट जोडलेल्या खुर्च्या. थेरॉन एका बाकाच्या टोकावर बसला. विल्बर दाराला टेकून उभा राहिला.

“कधीपासून?” गॅस्टन यांनी विचारले.

थेरॉनने ‘काय’ असेही विचारले नाही. “ऑगस्टपासून.”

“मी रोज सांगतो, त्याच्याकडे बघ.”

“तुम्ही सांगता, चेंडूकडे बघू नकोस. नाही बघितलं. मग कुठंच नाही बघितलं.” तो बाकाकडे बघत म्हणाला, “मी मिटत नाही, कोच. ते मिटतात.”

“आणि चेंडू?”

थेरॉनने विल्बरकडे पाहिले. विल्बर बुटाच्या टोकाने भुसा गोळा करत होता.

“तो दाबतो,” थेरॉन म्हणाला. “दाबलं की सोडायचं. ढिलं असलं की ओढायचं.”

“हे तुम्ही दोघांनी ठरवलंत?”

“ठरवलं नाही. बोललोसुद्धा नाही कधी. पहिल्या सामन्यात एकदा झालं, मग तसंच चालू राहिलं.”

गॅस्टन विल्बरकडे वळले. “तुला सांगितलं होतं, दाबायचं नाही.”

“हो.”

“मग?”

“त्याच्या कडेनं मला समोरचा दिसतो, कोच. त्याला दिसत नव्हता. मग काय करू? चेंडू पडू देऊ?”

“मला का नाही सांगितलंस?”

विल्बरने पहिल्यांदा वर पाहिले. “ठरवायचं काम माझं नाही म्हणालात. मी ठरवतोय हे कळलं असतं तर बंद केलं असतंत.”

ते खरे होते. गॅस्टन यांनी नंतर लॉयलला सांगितले की आयुष्यात कोणी त्यांना इतके शांतपणे उघडे पाडले नव्हते. ज्या मुलाला निर्णयाचा अधिकार नाही असे त्यांनी ठरवून टाकले होते तो मुलगा सगळा हंगामभर निर्णय घेत होता, आणि ज्याच्या निर्णयाचे ते कौतुक करत फिरत होते तो अंधारात उभा होता. समोरच्या संघापासून धावणाऱ्याला लपवण्यासाठी ही रचना. ती आपल्याच शिक्षकापासूनही त्याला लपवू शकते, हे कोणत्याही मेळाव्यात सांगितले गेले नव्हते.

मात्र त्यांना खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. विद्यापीठाच्या मैदानावर विल्बर नसेल. तिथे टोकाचा मोकळा गडी शाळकरी पोर नसतो; तो पूर्ण वाढलेला, दुप्पट वजनाचा, कोणाला तरी लोळवण्यासाठीच पोसलेला माणूस असतो. डोळे मिटून उभ्या असलेल्या मुलाच्या मानेचे, मणक्याचे काय होईल, हे लाकडाची ताकद रोज हाताने अजमावणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको होते. आणि त्या मुलाला तिथे पाठवणारा शब्द त्यांनी सोमवारी फोनवर दिलेला होता.

बुधवारी ते टेलेरी हॉटेलात जेवायला गेले. तिथे सगळ्यांचे एकच लांब टेबल. सूपचे पातेले, मग घेवडा, मग मेंढीचे मांस, जो शेजारी बसेल त्याच्याकडे सरकवायचे. लोर्ना गार्व्हर खाणीच्या कपड्यांतच येऊन त्यांच्या समोर बसली. मुलाने तिला सांगितले होते.

“उद्या काय सांगणार आहेस त्या माणसाला?” तिने विचारले.

“अजून ठरवलं नाही.”

“म्हणजे ठरवलंयस. तुझं तोंड लपवता येत नाही तुला, गॅस्टन.” तिने घेवड्याचे पातेले त्यांच्याकडे ढकलले, वाढून मात्र घेतले नाही. “मी तो ट्रक उतारावर घेते ना, तेव्हा मलाही भीती वाटते. कोणी विचारलं नाही मला, घाबरतेस का म्हणून. काम दिलं, शिकले. तोही शिकेल.”

“तू डोळे मिटतेस उतारावर?”

“बोलू नकोस असं.”

“तिकडे त्याची मान मोडेल, लोर्ना.”

“आणि इथं काय होईल? बारा तासांची पाळी, माझ्यासारखी. ती मोडत नाही का माणसाला?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “जर्सी तू काढलीस त्याची. भीती तू घातलीस. आता त्या भीतीसाठी त्याला घरी बसवणार पण तूच? लाज वाटू दे.”

टेबलावरची बाकीची माणसे एकाग्रतेने जेवत राहिली. आमच्याकडे एका टेबलावर जेवण्याची रीत आहे, तशीच न ऐकल्यासारखे करण्याचीही आहे.

“मी त्या माणसाला काही सांगणार नाही,” गॅस्टन शेवटी म्हणाले. “एक शब्दही नाही. हे वचन.”

लोर्नाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले, पण वचन घेतले.

गुरुवारी निवडकर्ता आला. हॅलोरन त्याचे नाव. अवजड, सौम्य बोलणारा माणूस, बुटांवर आमच्या सपाटीची पांढरी धूळ. तो सवयीने मागे येऊन उभा राहिला, गॅस्टन यांच्या शेजारी. विल्बर थेरॉनच्या पाठीशी. पहिला डाव झाला, नेमका. दुसरा, नेमका.

“देखणं आहे,” हॅलोरन म्हणाला. “एकच विचारतो, कोच. बाकी आम्ही शिकवू. पोराला दिसतं ना?”

गॅस्टन तिथे तसेच उभे राहिले असते तर सगळे निभावले असते. हॅलोरन संध्याकाळी समाधानाने परत गेला असता, लोर्नाचे घर आनंदाने भरले असते, गावाने फलक लावला असता. मागे उभे राहणाऱ्याला काही कळणार नव्हते. त्यांना स्वतःला कळले नव्हते. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. त्यांना फक्त आपल्या नेहमीच्या जागी उभे राहायचे होते.

त्यांनी हॅलोरनच्या कोपराला धरले आणि त्याला मैदानाच्या कडेने चालवत पुढे नेले. टोकावर उभ्या मुलाला बाजूला सारून त्या जागेवर हॅलोरनला उभे केले आणि स्वतः परत फिरले. बोलले काहीच नाही.

थेरॉनने पाहिले, तिथे कोण उभे आहे ते. ती जागा म्हणजे काय हेही त्याला कळले. लॉयल सांगतो की त्याने एक खोल श्वास घेतला, मान ताठ केली, जाळीमागे डोळे इतके मोठे केले की दुरून त्यांतले पांढरे दिसले. चेंडू आला. तो वळला, चेंडू टेकवला, हॅलोरन सहज एक पाऊल पुढे झाला. पापण्या गच्च मिटल्या.

पुढचा डाव झाला. मग आणखी एक. हॅलोरन बराच वेळ तिथेच उभा राहिला, हात खिशात. मग हळूहळू चालत परत आला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“मंगळवारी.”

“सोमवारी फोनवर तुम्ही म्हणालात...”

“सोमवारी मला माहीत नव्हतं.”

“इतकी वर्षं शिकवताय म्हणालात.”

“इतकी वर्षं मागं उभा होतो.”

हॅलोरनने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण स्वतः अशी किती मुले मागे उभे राहून निवडली असतील याचा हिशेब त्याच्या मनात सुरू झाला असावा, कारण तो अकस्मात फिकट दिसू लागला. जाताना गॅस्टन यांनी त्याला विल्बर दाखवला. “दिसतं ते त्याला.”

“कळलं मला,” हॅलोरन म्हणाला. “पण बुटका आहे, कोच. आमच्याकडे अशी पोरं दारात रांग लावून उभी असतात.” आणि थेरॉनचे नावही न काढता गाडीत बसून गेला.

विल्बरला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ठीक आहे.” कसलेही नाटक नव्हते त्यात. त्याला कोणी काही देऊ केले नव्हते, म्हणून काही गेलेही नव्हते. गॅस्टन यांना त्या ‘ठीक आहे’चा धक्का लोर्नाच्या शिव्यांपेक्षा अधिक बसला.

शिव्या तर मिळाल्याच. लोर्नाने शाळेच्या आवारात सगळ्यांदेखत त्यांना बोल लावले. “वचन पाळलंस म्हणे! मेंढपाळाची जात! कळप कड्याकडे हाकायचा आणि म्हणायचं, मी बोललो नाही!” गॅस्टन टोपी हातात धरून ऐकत राहिले.

शुक्रवारच्या सामन्यात त्यांनी थेरॉनला बाकावर बसवले. बदली मुलाला घेऊन संघ हरू लागला. गावाला कारण माहीत नव्हते. लोक ओरडू लागले. “कोच, झोपलात का?” “डोळे बाकावर ठेवून खेळताय होय?” लॉयल ओशाळून जमिनीकडे बघत होता. लोर्ना सगळ्यांपासून दूर, आसनांच्या शेवटच्या टोकाला बसली होती.

सामना हातचा गेल्यात जमा झाला तेव्हा थेरॉन उठून गॅस्टन यांच्याजवळ आला. पलीकडच्या संघातला टोकाचा गडी सामनाभर सगळ्यांना लोळवत होता. थेरॉन त्याच्याकडेच बघत होता.

“एक डाव द्या, कोच.”

“आता जिंकता येणार नाही.”

“जिंकायला नाही. मला एकदा बघायचाय तो.”

गॅस्टन यांनी आसनांकडे पाहिले. लोर्ना उभी राहिली होती. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. दोघांच्या मध्ये सगळे ओरडणारे गाव होते.

त्यांनी विल्बरला जवळ बोलावले. “दाबू नकोस.”

“कोच, तो आपटेल त्याला.”

“माहीत आहे. आज त्याला ठरवू दे. तू नुसता पाळणा कर.”

विल्बरला हे पटले नव्हते, आणि ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होते. तरी तो गेला.

गॅस्टन त्या वेळी एक गोष्ट करून गेले जी आसनांवरच्या कोणाच्या ध्यानात आली नाही. ते आपली जागा सोडून कडेच्या रेषेवरून पुढे चालत गेले, प्रतिपक्षाच्या बाजूला, जिथून थेरॉनचा चेहरा दिसेल. पंचांनी त्यांना मागे व्हायला खुणावले. ते हलले नाहीत.

चेंडू आला. थेरॉन वळला. चेंडू विल्बरच्या पोटाशी टेकला आणि तिथे थांबला. एरवीपेक्षा जास्त थांबला. टोकाचा गडी सुटला होता, सरळ थेरॉनवर. जाळीमागे थेरॉनचे डोळे उघडे होते. पापण्या थरथरत होत्या, खालच्या ओठावर दात रुतले होते, पण डोळे उघडे होते. शेवटच्या क्षणाला त्याने चेंडू सोडला. बरोबर सोडला. विल्बर मोकळ्या जागेतून पळत सुटला आणि अख्खे मैदान, दोन्ही संघ, सगळी आसने त्याच्याकडे बघत उभी राहिली. गॅस्टन यांनी तेवढा एक माणूस पाहिला ज्याच्याकडे आता कोणीच बघत नव्हते. टोकाचा गडी पूर्ण वेगाने थेरॉनवर आदळला आणि दोघे धुळीत लोळले.

आसनांच्या टोकाकडून एक किंकाळी आली. मग काही क्षण थेरॉन हलला नाही.

नंतर तो कुशीवर वळला, गुडघ्यांवर आला, उठला. जाळीत मातीचे ढेकूळ अडकले होते. तो स्वतःच्या पायांनी चालत कडेच्या रेषेपर्यंत आला. गॅस्टन यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

“कुठं लागलं? माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे.”

“बरा आहे मी.” थेरॉन त्यांच्याकडेच बघत होता, पण काही न सुचल्यासारखा. “कोच, मी बघितलं त्याला. अगदी शेवटपर्यंत.”

“मी पण बघितलं, तू बघत होतास ते.”

“नाही, ते नाही. तो येत होता ना अंगावर...” थेरॉनने हेल्मेट काढले. त्याच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. तिच्या जागी जे होते त्याला नाव देणे अवघड आहे. “त्याचे डोळे मिटलेले होते, कोच. गच्च.”

गॅस्टन यांनी मैदानापलीकडे पाहिले. टोकाचा तो थोराड मुलगा आपल्या संघाच्या बाकाकडे निघाला होता. सोबती त्याच्या हेल्मेटवर थापा मारत होते. आणि त्याचा प्रशिक्षक त्याच्या पाठीमागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.